पाण्यावरची चकाकी

दिराच्या महेंद्राचं वागणं मला पटलं नव्हतं. शहापूरला उतरला तो घोटभर चहाही न घेता धरणावर गेला आणि कॅमेऱ्यावरची काच फिरवत बसला. पाण्यावरची चकाकी त्या काचेतून गाळायची आणि समुद्राची पाठ लाटांनी किती खडबडीत झालीय ते ओळखायचं, हे म्हणे त्याचं शिक्षण. समुद्राआधी सराव आमच्या धरणावर. "हात फिरव की पाण्यावर, कळेल," मी सुनावलं.

त्याच दुपारी माझ्या धाकट्या लेकाची, गुरुनाथची, होडी धरणात उलटली. होडी सापडली, तो नाय. सारा गाव काठावर उभा. मी महेंद्राचं मनगट धरलं.

"चकाकी काढतोस ना? मग काढ, आन आत बघ."

"काकी, याच्यात पाण्याचं वरचंच कळतं गो."

"काढ सांगते ना!"

त्यानं काच फिरवली आणि कॅमेरा माझ्या डोळ्याला लावला. सगळी चमचम विझली. उरलं नुसतं काळं पाणी. त्यात कुठंच काही हलत नव्हतं.

"तुझी काच खरं बोलते रे महेंद्रा," मी म्हटलं. "फिरव ती परत. चमकत होतं तोवर माझा गुरू तिथं हात मारतोय असं वाटत होतं."