पापुद्रा

ताईचा नवा कॉम्प्युटर, पाण्याने थंड होणारा, धाकट्या भावाने स्वतः जोडला होता. संध्याकाळपर्यंत तिला पुलाचं डिझाइन पाठवायचं होतं. पण प्रोसेसर शंभर अंशांवर जाऊन मशीन सारखं बंद पडत होतं.

त्याने प्रोसेसरवरचा कूलर उघडला आणि कपाळावर हात मारला. तळाच्या तांब्याच्या चकतीवरचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा काढायचाच राहिला होता.

"वा रे इंजिनिअर!" ताई हसली.

त्याने चर्रकन तो सोलला, टेबलाच्या कडेला चिकटवला, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावून कूलर बसवला. पुन्हा शंभर. उघडून पाहतो तर तांब्यावर पापुद्रा!

"अरे, मघाशी काढलास ना? मी बघितलंय." ताई आता हसत नव्हती.

पहिला टेबलाला चिकटलेला होताच. चर्रकन सोललेला दुसरा त्याने शेजारी लावला. या खेपेला ताईनेही तांब्यावरून बोट फिरवून खात्री केली.

कूलर पुन्हा बसवला. स्क्रीनवरचा आकडा तीसवर येऊन थांबला.

"सुटलो एकदाचे!" तो म्हणाला, पण त्याला दरदरून घाम फुटला होता.

ताईने त्याच्या कपाळाला हात लावला. "केवढा तापलायस रे!"

कानशिलापाशी तिचं नख कशात तरी अडकलं.

"हलू नकोस," ती हळूच म्हणाली. आणि दोनदा ऐकलेला तो आवाज त्याला अगदी कानाशी ऐकू आला.