काळा गिनीपिग
नवऱ्याचा खोकला महिनाभर हटेना. शेवटी चुलीमागचा काळा गिनीपिग शालीत घालून मी छातीशी धरला आणि फाउस्तिनोला घेऊन डोंगरापलीकडे औषधपाणी करणाऱ्या सातुर्निना आजीकडे गेले. दुखणं जनावरात उतरावं म्हणून तिने तो जिवंतच त्याच्या अंगभर फिरवला, मग चिरून पाहिला.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत रे. जा, बूट घाल."

तो बाहेर गेल्यावर तिने मला गिनीपिगच्या छातीतली गाठ दाखवली. "वाटभर हा कोणाजवळ होता?"

"माझ्याजवळ."

परतताना फाउस्तिनो शीळ घालत होता. "रविवारी सगळ्यांना जेवायला बोलव. चार गिनीपिग भाज!"

"पाच भाजते," मी म्हटलं. "माझ्या धाकट्या बहिणीलाही बोलावते. पोरांना तिची सवय होऊ दे."