म्हाताऱ्या नराची जागा

"बंदुकीच्या गोळ्यांचा डबा तर फोडलेलाच नाही," इंग्रिड म्हणाली. "बाबांनी दुसरा कुठं ठेवलाय?"

"नेला असेल बरोबर," आर्नी काका म्हणाले आणि लगेच जीभ चावली. तिच्या बापाला, हालवरला, पुरून अजून महिना झाला नव्हता.

इंग्रिडने बापाची बंदूक खांद्यावर टाकली, दुर्बीण गळ्यात अडकवली. अंगणातच डोळ्यांना लावून पाहिली. सगळं धूसर.

"अगं, चाक फिरव की."

"नको. त्यांनी लावलंय तसंच राहू दे."

विस्कॉन्सिनच्या त्या खोऱ्यात नोव्हेंबर लागला की घरोघरचे पुरुष हरणांच्या मागे लागत. हालवर मात्र वर्षानुवर्षं एकाच नराच्या मागे होता. कुंपणावरून ज्या घराशी वैर, खोऱ्यापलीकडच्या त्याच घरात इंग्रिडने लग्न केलं. "तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही," असं तो म्हणाला आणि शेवटपर्यंत ठेवला नाही. लग्नाच्या दिवशी तो डोंगरावर होता. तिच्या लेकीच्या, लीनाच्या बाप्तिस्म्यालाही डोंगरावर. निरोप तोच: म्हाताऱ्या नराची बसायची जागा सापडलीय, आज सोडवत नाही.

नातीपेक्षा प्यारा झालेला तो नर मारायचा आणि त्याची शिंगं भिंतीला ठोकायची, एवढंच इंग्रिडने ठरवलं होतं.

हालवरच्या पायांनी पडलेली वाट ओकच्या रानातून वर जात होती. काका धापा टाकत कुजबुजत होते.

"कोवळी पोरं कुठंही पसरतात, माणसांसारखीच. म्हातारा नर जागा निवडतो. वारा पाठीवर घेतो, म्हणजे मागून कोण येतंय ते नाकाला कळतं. पुढचा उतार डोळ्यांनी राखतो. तुझा बाप तरी वेगळा काय होता? चर्चमध्येसुद्धा भिंतीला पाठ लावून बसायचा."

"आणि आपण कसे गाठणार त्याला?"

"बाजूने. आता तोंड बंद."

वाट डोंगराच्या धारेवर येऊन संपली. पुढे झुडपांच्या आड एक खोलगट जागा होती. पानं दबलेली, माती गुळगुळीत. रिकामी. इंग्रिडने बंदूक सावरली. गेला असेल तर लांब गेला नसेल.

काका वाकले. पानं चाळली, बोट ओलं करून हवेत धरलं.

"बंदूक खाली कर, पोरी."

"का? पळाला?"

"नर इथं कधी बसलेलाच नाही. वारा बघ, सरळ तोंडावर येतोय. या दिवसांत इथं असाच असतो. पाठ उघडी पडते. एक केस नाही, एक लेंडी नाही. आणि समोरच्या या फांद्या करवतीने कापल्यात."

"मग इतकी वर्षं इथं बसलं कोण?"



इंग्रिड त्या खोलगट जागेत पालथी झोपली. मातीत दोन खळगे होते. तिची कोपरं त्यांत नीट बसली. कापलेल्या फांद्यांच्या मधून पलीकडचा उतार दिसत होता. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली.

चाक फिरवावं लागलं नाही. समोर, हात लांबवला तर लागेल इतकी स्वच्छ, तिच्या स्वयंपाकघराची खिडकी होती आणि खिडकीत आपल्या बापाकडून वेणी घालून घेणारी लीना.