अंतरपाटाचं बटण

शंकर नगरच्या घरात भरदुपारी शिशिर नव्या मिररलेस कॅमेऱ्याची बटणं आपल्या सवयीप्रमाणे लावून घेत होता. उद्याच्या लग्नात अंतरपाट खाली आला की न पाहता बोट पुढच्या बटणावर जायला हवं आणि फोकस थेट नवरीच्या डोळ्यावर बसायला हवा.

पण कॅमेरा बंद करून चालू केला की मांडणी बदललेली असायची. बटणांची कामं भलतीकडे गेलेली, डायल उलट्या दिशेने फिरणारी.

"दादा, काहून चिडून राहिला?" क्षमाने विचारलं. लग्नात दुसरा कॅमेरा ही बहीणच सांभाळायची.

"मी लावून राहिलो अन् हा बदलवून टाकते."

कॅमेरा त्याच्या हातात असतानाच तिने लेन्सच्या बाजूने त्यावर बोटं ठेवली. एकेक बोट नेमकं बटणावर बसलं.

"हे तं समोरून धरणाऱ्याच्या सोयीनं लावलं आहे," ती हसली.

शिशिरला हसू आलं नाही. त्याने कॅमेरा स्टँडवर चढवला आणि स्टुलावर बसून डोळा लावला. क्षमा भिंतीपाशी दोन्ही हातांनी ओढणी अंतरपाटासारखी धरून उभी राहिली.

"सोड."

ओढणी खाली आली. फोकसची हिरवी चौकट क्षमाच्या डोळ्यावर बसली.

शिशिरचे दोन्ही हात मांडीवर होते. तरी डायल टिक करून फिरली.

चौकट क्षमावरून सरकून रिकाम्या जागेवर थांबली. फोकस जवळ आला, अगदी लेन्सपाशी. तिथे काहीच दिसत नव्हतं. मागे क्षमा मात्र धूसर झाली.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "डोळा काढू नको. वर पाहू नको."