दुखरी जागा

लंडनजवळच्या स्लाऊमध्ये अवधूत कुंग फू शिकवायचा. क्लासमध्ये कुणी कळवळलं की म्हणायचा, "दुखतंय? मग जा आईच्या कुशीत!" पोटची पोर आसावरीही त्याला अपवाद नव्हती. कळ सोसता सोसता तिचा गुडघा अधू झाला, तेव्हा त्याने क्लासला कुलूप लावलं आणि केवळ तिच्यासाठी चिनी वैद्यक शिकून घेतलं.

आज उपचारासाठी ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर आडवी झाली. देवाचं नाव घेऊन तो गुडघ्याभोवती बोटांनी दाबू लागला. "बाळा, जिथे दुखेल तिथे सांग हं. सुई तिथेच टोचायची असते."

तिचे डोळे भरून वाहू लागले, ओठ मात्र घट्ट मिटलेले.

"सांग ना गं, कुठे दुखतंय?"



"कुठेच नाही, सर."