स्पीकरची वायर

"स्पीकर बदलून द्या, चांगला दणकट," म्हणत इनास तुस्कानोंनी ॲम्प्लिफायर काउंटरवर अलगद ठेवला. "आमच्या रेमीचा आवाजच येत नाही."

दुकानातल्या मेधाने मान डोलावली. गिटार वाजवणारं कुणी गेलं, की त्याचं मन आताशा अशा व्हॉल्व्हच्या, आत काचेचे दिवे उजळणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये उतरवून ठेवत. बापाने हाक मारली, की रेमी सुरांतून ओ द्यायचा.

ॲम्प्लिफायर आठ ओहमचा होता. जोडी चुकली तर आतल्याला इजा होते, म्हणून तिने स्पीकरही आठ ओहमचाच लावला. आवाज नाही. मग तिने मागची जाळी काढली आणि जळकट वास आला.

"काका, स्पीकर काढून हा चालू ठेवला होता का?"

"शेजारी मयत झालेली. दुखवट्यात गाणंबजावणं बरं दिसतं का? म्हणून आठवडाभर वायर तेवढी काढून ठेवली. बटण बंद करायला हात धजेना. पोरगं लहानपणापासून काळोखाला भितं."

मेधाने जाळी हळूच खाली ठेवली.

"काय झालं, पोरी?"

"आवाजाला बाहेर पडायला वाट लागते, काका. ती मिळाली नाही, तर तो आतल्या आत सगळं जाळत जातो."

इनास काळवंडलेल्या तारांकडे बघत राहिले. आठवडाभर ते त्या खोक्याशेजारीच बसून जेवले होते. हात ठेवला की खोका कढत लागे, आणि ते बायकोला कौतुकाने सांगत, "बघ गं, किती ऊब आहे अजून पोराच्या अंगात."