गुलाबी नखं

आमचा खाटीक सोललेल्या सशाचा एक पाय केसांसकट ठेवतो, म्हणजे सशाच्या नावाखाली मांजर विकल्याचा संशय गिऱ्हाइकाला यायला नको. नवऱ्याने आणलेली पिशवी मी ओट्यावर रिकामी केली आणि थिजलेच. पायाच्या नखांना गुलाबी नेलपॉलिश होतं, लेकीने आपल्या लाडक्या सशाला लावलेलं. “तू तर म्हणालास, अंगणवाल्या मित्राला दिला म्हणून!” मी कुजबुजले. नवरा कांदा सोलत राहिला. “दर रविवारी बोटं चाटून खातेस. त्या सशांना काय जीव नव्हता?” तो पाय मी एप्रनच्या खिशात लपवला, बाकीचं पातेल्यात टाकलं. जेवताना लेकीने दोनदा वाढून घेतलं. मग नेलपॉलिशची बाटली घेऊन ती बाबाच्या मांडीवर बसली. “आपण सशाला भेटायला कधी जायचं? एव्हाना रंग उडाला असेल.” खिशातल्या नखांवरून मी अंगठा फिरवला. रंग जसाच्या तसा होता.